नऊ मिनिटांचा फेरा

निखतनं तिच्या सव्वीस वर्षांच्या आयुष्यात कामचुकारपणा एकदाच केला, आणि तोही इतक्या हुशारीनं की तिला स्वतःला ती मेहनतच वाटली.

साल २००७, महिना एप्रिल. परतवाड्यात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत अब्दुल गफ्फार पिंजाऱ्याचं दुकान होतं, एका छपराखाली दोन धंद्यांचं. मागच्या अर्ध्यात त्याची कापूस पिंजायची मशीन आणि गाद्या-रजया भरायचा ओटा. पुढच्या अर्ध्यात लेकीचं, म्हणजे निखतचं, कॉम्प्युटर सेंटर, दहा कॉम्प्युटरचं. मधे प्लायवूडची भिंत. ती गफ्फारनं स्वतःच्या हातानं ठोकली होती आणि तिच्या फटींतून त्याचा कापूस रोज न चुकता लेकीकडे जात होता.

पूर्वी लग्नसराई आली की आजूबाजूच्या गावांतले शेतकरी घरचा कापूस गाठोड्यात बांधून गफ्फारकडे आणायचे. लेकीच्या रुखवतात घरच्या कापसाची रजई नसेल तर सोयरे नाक मुरडायचे. आता घरी ठेवायला कापूस उरत नव्हता, उरला तर पिंजून घ्यायचा उत्साह उरत नव्हता. त्याच शेतकऱ्यांची पोरं मात्र पुढच्या दारानं आत येत होती, कारण कुठल्याही सरकारी जागेचा फॉर्म भरायचा तर कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट लागायचं. बापाच्या दुकानात गिऱ्हाईक नाही आणि लेकीच्या दुकानात रिकामी खुर्ची नाही, असा तो काळ होता. गफ्फारला त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट मशिदीतून येताना तो पुढच्या दारानंच यायचा, आत डोकावायचा आणि सगळ्या खुर्च्या भरलेल्या बघून मागे जायचा.

तर आता निखतची हुशारी काय होती ते ऐका.

कोर्सची परीक्षा कॉम्प्युटरवरच व्हायची. तिचं सॉफ्टवेअर परीक्षा घेणाऱ्या बोर्डाकडून यायचं आणि आदल्या दिवशी प्रत्येक मशीनवर टाकावं लागायचं. एका मशीनला पाऊण तास. त्या पाऊण तासात ते दहा वेळा थांबून विचारणार, पुढे जाऊ का, कुठे ठेवू, भाषा कोणती. आणि उत्तर मिळेपर्यंत ढिम्म हलणार नाही. बोर्डाचा नियम असा की केंद्र चालवणाऱ्यानं प्रत्येक मशीनसमोर बसून हे करायचं आणि दर मशीनचा एक कागद भरून खाली सही करायची: ‘सदर काम मी स्वतः समोर बसून पूर्ण केले आहे.’

शनिवारी सकाळी निखतनं सात नंबरच्या मशीनवर ते अगदी नियमानं टाकायला घेतलं. भारनियमनाचे दिवस होते. वीज दोनदा गेली, दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, आणि एक मशीन होईतो दुपार झाली. अजून नऊ बाकी होत्या. तिचं डोकं फिरलं. मग तेच डोकं चालायला लागलं.

तिनं एक छोटी फाइल लिहिली. सॉफ्टवेअर जे जे विचारणार त्याची उत्तरं तिच्यात आधीच भरून ठेवली, म्हणजे समोर कुणी बसायची गरज नाही. पडद्यावर काही दिसू नये, सगळं गुपचूप व्हावं, हेही सांगून ठेवलं. सॉफ्टवेअर टाकून झालं की मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणार होती; ते तर लागतंच. आता राहिली वीज. त्यावर तिनं तोड काढली ती फक्त आमच्या वऱ्हाडातच सुचू शकते. मशीन सुरू झाल्याबरोबर जे जे आपोआप चालतं, त्या यादीत तिनं ती फाइल नेऊन ठेवली. मधेच वीज गेली तरी ती आल्यावर मशीन आपली आपण सुरू होणार, कारण तिच्या दहाही मशीन तशा लावलेल्याच होत्या, आणि फाइल पुन्हा कामाला लागणार. फाइलची शेवटची ओळ होती: काम झालं, आता स्वतःला पुसून टाक.

नऊ मशीनवर तिनं ती फाइल सोडली, पडदे बंद केले, सहा वाजता शटर ओढलं आणि घरी जाऊन दहाही कागदांवर झोकदार सह्या केल्या. भारनियमनाला चकवल्याच्या आनंदात ती अम्मीला त्या दिवशी भाकरीही करू लागली.

रविवारी सकाळी सहा ते नऊ वीज नव्हती. दहा वाजता निखतनं शटर उघडलं तेव्हा सगळ्या मशीन सुरू होत्या. अकराला पाच मिनिटं कमी असताना अमरावतीहून वामनराव आले. ते बोर्डाचे पर्यवेक्षक. सरळ माणूस, चहासुद्धा स्वतःचा स्वतः पिऊन येणारा, आणि म्हणूनच भीती वाटावी असा. निखतनं एकेक पडदा लावला. दहाही ठिकाणी परीक्षेचं चिन्ह नीट आलेलं होतं.

“छान,” वामनराव म्हणाले. “कागद?”

निखतनं दहा कागद पुढे केले. त्यांनी ते पिशवीत ठेवले.

परीक्षार्थी दहा होते. त्यांतली रागिणी पथ्रोटहून पहिल्या जीपनं आलेली. दीड वर्षाचं मूल सासूकडे टाकून तिनं हा कोर्स केला होता. जिल्हा परिषदेत एक जागा निघाली होती, फॉर्मची शेवटची तारीख मंगळवार, आणि पास झाल्याची चिठ्ठी परीक्षा संपल्याबरोबर इथंच छापून मिळणार होती. आज परीक्षा झाली नाही तर पुढची तीन महिन्यांनी. हे सगळं तिनं निखतला चार वेळा सांगून झालं होतं.

अकरा वाजता मुलं बसली. वामनरावांनी परीक्षा ज्यानं उघडते त्या प्रत्येकाच्या कोडचं पाकीट वाटायला घेतलं आणि तेवढ्यात तीन नंबरची मशीन बंद पडली. पडदा काळा झाला, मग अक्षरं धावली, मग मशीन पुन्हा सुरू झाली.

“झटका आला असन,” निखत म्हणाली.

तिचं बोलणं संपायच्या आत पाच नंबर गेला. मग एक. मग आठ आणि नऊ लागोपाठ. मुलांनी हात कीबोर्डवरून असे काढून घेतले की जणू आपल्याच हातून काही मोडलं. मशीन सुरू होत होत्या, बऱ्या वागत होत्या, आणि थोड्या वेळानं पुन्हा आपल्या आपण बंद होऊन सुरू होत होत्या. परीक्षा सलग एक तासाची होती. मधे मशीन बंद पडली तर तो कोड वाया, विद्यार्थी नापास.

वामनरावांनी पाकिटं परत गोळा केली. एका मशीनच्या डब्यावर त्यांनी तळहात ठेवला.

“गरम हाय,” ते म्हणाले. “उघड.”

निखतनं स्क्रू काढून झाकण बाजूला केलं. आत पंख्याच्या पात्यांना, तारांना, कोपऱ्यांना कापसाचं तूस चिकटलेलं होतं. बघणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट दिसली, आणि ती प्लायवूडच्या भिंतीपलीकडे होती. तीन महिन्यांपूर्वी दोन मशीन खरोखरच तुसानं तापून बंद पडल्या होत्या. तेव्हाही वामनरावच आले होते.

“मागच्या वेळेस म्या रिमार्क लिहिला होता का नाई?” ते म्हणाले. “पिंजाई आणि कॉम्प्युटर एका छताखाली चालत नाई म्हणून?”

निखतचा तोल गेला. भीती वाटली की माणूस जवळच्यावरच धावून जातो, तशी ती मागच्या दाराकडे धावली.

“अब्बा, बंद करा ना ते! किती वेळा सांगतलं तुमाले, परीक्षेच्या दिवशी तरी नोको म्हणून!”

गफ्फार ओट्यावर बसून एक जुनी गादी हातानं उसवत होता. त्यानं मान वर केली.

“बंदच हाय बेटा. सकाळपासून लावलीच नाई.”

एवढी मोठी मशीन, जिच्या घरघरीत सेंटरमधे ओरडून बोलावं लागायचं, ती बंद आहे हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. पण ओशाळायला तिच्याकडे वेळ नव्हता. कोड एक वाजायच्या आत टाकून परीक्षा सुरू करावी लागणार होती आणि सव्वाअकरा झाले होते.

पुढचा अर्धा तास तिनं वेड्यासारखं काम केलं. गफ्फारनं उशा झटकायचा ब्रश दिला, शेजारून ब्लोअर आणून दिला, घरचा टेबलफॅनही आणून ठेवला. सगळ्या मशीनची झाकणं निघाली. तूस उडालं, मुलं शिंकली. तीन नंबर आतून लख्ख झाला, त्याच्या तोंडावर पंखा लावला, आणि तरी तो बंद पडला. निखतनं भिंतीवरचं घड्याळ बघितलं. तो सुरू झाल्यापासून नऊ मिनिटं झाली होती. पंखा आणखी जवळ सरकवला. पुन्हा नऊ मिनिटं.

पावणेबाराला वामनरावांनी चष्मा काढून पुसला.

“गफ्फारभाई, इकडं या जरा.”

गफ्फार हात झटकत आला आणि दारातच उभा राहिला. लेकीच्या सेंटरमधे तो कधी खुर्चीवर बसायचा नाही.

“परीक्षा त आज होत नाई,” वामनराव म्हणाले. “पण सेंटर वाचवायचं असन त एक मार्ग हाय. तुमी लिहून द्या का पिंजाईची मशीन इथून हलवतो. मी थो कागद रिपोर्टले जोडतो. मग बोर्ड सेंटर बंद करत नाई, पुढच्या वेळेस परीक्षा देते. नाई लिहिलं, त दोन रिमार्क झाले. मग माह्या हातात काई नाई.”

“किती दिवसांत हलवा लागन?”

“लिहा पंधरा दिवस.”

“पंधरा दिवस कायले?” गफ्फार म्हणाला. “आजच हलवतो. अकोल्याले जठारपेठेत भावाचं गादीचं दुकान हाय, शाकीबचं. तिथं लावतो. मीबी तिथंच राहीन, जुम्याले येत जाईन.”

त्यानं हे अशा आवाजात सांगितलं की जणू उद्या बाजारातून काय आणायचं ते सांगतोय. वामनरावांनी मजकूर लिहिला, गफ्फारनं खाली उर्दूत सही केली, आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या असणाऱ्या टेम्पोवाल्याला दोन वाजता यायला सांगून तो मागे निघून गेला.

निखत हे सगळं ऐकत उभी होती. आता खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. सेंटर वाचलं, एवढंच तिच्या मनात आलं. वाईट वाटायला दोन मिनिटं लागली, आणि ती दोन मिनिटं तिनं पुढे कधी स्वतःला माफ केली नाहीत.

मुलं उठायला लागली. कुणी डबा उघडला, कुणी जीपची वेळ विचारली. रागिणी मात्र आपल्या जागेवर तशीच बसून होती, कोपऱ्यात, भिंतीला चिकटून.

“मॅडम,” ती म्हणाली, “माह्यी मशीन त सकाळपासून एकदाबी बंद नाई पडली. म्या एकटीनं दिली परीक्षा त नाई चालत का?”

निखत तिच्याजवळ गेली. ती सात नंबरची मशीन होती. प्लायवूडची सगळ्यात मोठी फट तिच्याच डोक्यावर होती, त्यामुळे सगळ्यात जास्त कापूस तिच्यातच. घाईत ती साफ करायची राहून गेली होती. पंख्याला तुसाचा थर इतका की पाती जेमतेम फिरत होती. डबा हाताला चांगलाच गरम लागत होता. आणि ही, सगळ्यात घाणेरडी, सगळ्यात तापलेली मशीन नऊ वाजल्यापासून मुकाट चालू होती.

निखतनं वळून बाकीच्या नऊ बघितल्या. नऊ मशीनवर पुढचा लाल दिवा सारखा लुकलुकत होता. आत काहीतरी काम चालू असलं की तो तसा लुकलुकतो. पण मुलं तर उठून उभी होती, कुणी कशाला हात लावत नव्हतं. मग काम कसलं चाललं होतं? सात नंबरचा दिवा शांत होता. सात नंबरवर तिनं समोर बसून सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्या नऊवर नव्हतं.

ती तीन नंबरसमोर बसली आणि आत काय काय चालू आहे त्याची यादी उघडली. यादीत तिची फाइल होती. तिनं स्वतः लिहिलेली, स्वतःच्या हातानं ठेवलेली, आणि पडद्यावर काही दिसू नये म्हणून बजावलेली.

चूक एवढीशी होती. स्वतःला पुसायची ओळ तिनं सगळ्यात शेवटी लिहिली होती. पण तिच्या आधीच्या पायरीवर सॉफ्टवेअर मशीन बंद करून सुरू करत होतं, त्यामुळे शेवटच्या ओळीची पाळी कधी येतच नव्हती. मशीन सुरू झाली की फाइल पुन्हा उठायची, झालेलंच काम, मधे विचारणं नसल्यानं, पाऊण तासाऐवजी नऊ मिनिटांत पुन्हा करायची आणि मशीन बंद करायची. काल संध्याकाळपासून वीज असेल तेवढा वेळ नऊ मशीन हेच करत बसल्या होत्या. यात कापसाचा एक तंतूही नव्हता.

बारा दहा झाले होते. एका मशीनवरून फाइल काढायला मिनिटही लागलं नाही. तिनं नऊही मशीनवरून ती काढली आणि मग घड्याळासमोर उभी राहिली. खात्री करायला नऊ मिनिटं थांबणं भाग होतं. एक नंबर गेला नाही. तीन गेला नाही. दहावं मिनिट उलटलं, अकरावं, बारावं. सगळे लाल दिवे शांत होते.

“सर, चालू झाल्या,” ती म्हणाली. “आता नाई पडत.”

वामनराव जवळ आले. त्यांनी स्वतः पाच मिनिटं उभं राहून बघितलं.

“काय केलं?”

आता खरं सांगावं तर सर म्हणणार, बोर्डाच्या सॉफ्टवेअरशी छेडछाड झाली, परीक्षा थांबवा. एक वाजला की कोड संपणार. रागिणीचा मंगळवार हुकणार. हे सगळं तिच्या मनात आलं आणि ते सगळं खरंही होतं. पण त्याच्या खाली, जिथं माणूस स्वतःलासुद्धा डोकावू देत नाही, तिथं आणखी एक गोष्ट होती: पिशवीतले ते दहा कागद.

“पंखे साफ केले, सर.”

“पाहा!” वामनराव म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला. “म्हणजे कापूसच होता.”

बारा चाळीसला परीक्षा सुरू झाली.

दहा माणसं कीबोर्ड बडवत होती, वामनराव खुर्च्यांमधून फिरत होते, आणि निखत टेबलाशी बसून भिंतीपलीकडचं ऐकत होती. पिंजाईची मशीन जमिनीत चार बोल्टांनी बसवलेली होती. परीक्षा चालू आहे म्हणून गफ्फार अगदी हळू काम करत होता. पान्याचा आवाज होऊ नये म्हणून त्यानं त्याला चिंधी गुंडाळली असावी. तरी बोल्ट किरकिरत फिरत होता ते तिला कळत होतं. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पट्टा सैल करून उतरवल्याचा धप्प आवाज. मग दुसरा बोल्ट.

तिनं मनाशी हिशोब मांडायचा प्रयत्न केला की अब्बांचा धंदा तसाही बसला आहे, अकोल्यात चाचांकडे काम जास्त आहे, तिथं त्यांना बरंच वाटेल. हिशोब जुळत होता. तरी डोळ्यांसमोर येत होतं ते एवढंच की अब्बा शाकीबचाचांच्या दुकानाच्या माळ्यावर एकटे झोपले आहेत, एकसष्टाव्या वर्षी, आणि कापसाची मशीन लेकीच्या आड आली म्हणून स्वतःलाच दोष देताहेत. आणि मशीन हलवतो म्हणून लिहिलेला त्यांचा तो कागद बोर्डाच्या फायलीत कायमचा पडून आहे, खाली त्यांची सही घेऊन. तिसरा बोल्ट सुटला तेव्हा तिला रडू फुटलं. तिनं ओढणी तोंडाशी धरली. वामनरावांना वाटलं, पोरीवर ताण आला असेल.

दोनला दहा मिनिटं कमी असताना शेवटच्या विद्यार्थ्याची उत्तरं गेली. चिठ्ठ्या छापून आल्या. रागिणीला शंभरात एक्याऐंशी. तिनं ती चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून पर्समधे ठेवली, पुन्हा काढून वाचली, आणि निखतच्या पाया पडायला वाकली. निखतनं तिला मधेच धरलं. “जा, जीप सुटन तुयी,” एवढंच ती बोलू शकली.

मुलं गेली. बाहेर टेम्पोनं हॉर्न दिला. वामनराव पिशवी भरत होते.

“सर, बसा जरा,” निखत म्हणाली. मग मागच्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं, “अब्बा, तुमीबी या.”

गफ्फार आला. हात काळे झाले होते, कपाळावर घाम. निखतनं उभ्यानंच सांगितलं. फाइल कशी लिहिली, ती कुठे ठेवली, शेवटची ओळ का चालली नाही, नऊ मिनिटं का लागत होती, सात नंबर का बंद पडला नाही. काही लपवलं नाही, आणि शेवटी म्हणाली, “त्या दहा कागदांतल्या नऊ सह्या खोट्या हायेत, सर. मी समोर बसली नव्हती.”

वामनरावांनी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला.

“हे तू मले साडेबाराले काहून नाई सांगतलं?”

“तुमी परीक्षा थांबवली असती.”

“थांबवली असती,” ते म्हणाले. “मंग आता काहून सांगून राह्यली? म्या त मानलं होतं. कोणीच विचारलं नसतं तुले.”

निखतनं मागच्या दाराकडे बोट केलं. तिथून सुटी केलेली मशीन दिसत होती.

वामनरावांनी तिकडे बघितलं. पोरांची परीक्षा कायम राहील, ते म्हणाले. सॉफ्टवेअर बोर्डाचंच होतं, उत्तरं नीट गेली, त्यात पोरांचा दोष नाही. पण खोट्या सह्यांचं त्यांना लिहावं लागेल, आणि लिहिलं की नियमानं सेंटर एक वर्ष बंद. “लिहू नोको म्हणशीन त माह्याच्यानं होत नाई,” ते म्हणाले, आणि ते बोलताना त्यांना खरंच त्रास झाला.

“लिहा, सर.”

त्यांनी तिथंच बसून लिहिलं. मग गफ्फारचा कागद पिशवीतून काढून त्याच्या हातात दिला आणि कुणाकडे न बघता अमरावतीची गाडी पकडायला निघून गेले. अडीच वाजले आणि वीज गेली.

गफ्फार घरात उर्दू बोलायचा, पण राग आला की त्याला उर्दू पुरत नसे. मग तो वऱ्हाडीवर उतरायचा. लेकीवर तो जन्मात ओरडला नव्हता. आज ओरडला.

“कोणं सांगतलं होतं तुले तोंड उघडाले? आं? मले काय समजत नाई का? मशीन सकाळपासून बंद, मंग कापूस आला कुठून, एवढं बी नाई समजत मले? त्या मास्तरले थेच पाहिजे होतं म्हणून देल्ली म्या सही! माह्या धंद्यात राह्यलंच काय आता? दोन महिन्यांत दोन रजया! तुह्या इथं पोरं उभी राहतात, खुर्ची भेटत नाई त्याईले! मेल्यापायी जितं कावून मारलं तू? मशीन गेली असती त माह्यं काय गेलं असतं?”

“तुमचं काईच नाई गेलं असतं, अब्बा,” निखत म्हणाली. “तुमी गेले असते. मले जुम्याच्या जुम्याले भेटाले आले असते. पाव्हण्यावानी.”

गफ्फार लेकीच्या सेंटरमधल्या खुर्चीवर मटकन बसला. खांद्यावरच्या रुमालानं त्यानं आधी हात पुसले, मग तोंड पुसलं, आणि तोंड पुसायला त्याला फार वेळ लागला.

बाहेर टेम्पोवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. गफ्फार उठला, बाहेर जाऊन त्याला काहीतरी सांगून वाटेला लावलं आणि परत आला. हातातला कागद त्यानं चार ठिकाणी फाडला, पण चेहरा अजून तसाच होता. लेकीवरचा राग काही त्या दिवशी गेला नाही, दुसऱ्या दिवशीही गेला नाही.

“चाल,” तो म्हणाला. “तिकडून धर. पाठ वाकवू नोको, पायातून उचल.”

दोघांनी मशीन धरली. अंधारात बोल्टांची भोकं सापडेनात, म्हणून निखत खाली वाकून बोटानं चाचपत राहिली आणि वरून बाप मशीन तोलत उभा राहिला. सोमवारपासून नवी बॅच सुरू व्हायची होती, चौदा जणांची. सकाळी आठ वाजता ती सगळी दारात येणार होती, आणि सेंटर बंद झालं हे त्यांना निखतलाच सांगायचं होतं.